तृतीयेची सुकती

सिस्टर द्वारकांना कोणी 'बिचारी' म्हटलेलं मी एकदाच ऐकलं. म्हणणारी एका बाळंतिणीची सासू होती आणि तिनं ते मायेनंच म्हटलं होतं. "बिचारी सिस्टर. ना घोव, ना पोर." सिस्टर तेव्हा त्याच घरातल्या चार दिवसांच्या नातवाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होत्या. त्यांनी पोराला पालथं केलं, पाठीवर शेवटचा तांब्या ओतला, कोरडं पुसून म्हातारीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "बिचारी तुझी सून, आये. तुझ्या हाताखाली रवता ती. माझ्या डोक्यार कोण नाय. माका बिचारी म्हणू नको." सून भिंतीकडे तोंड फिरवून पडली होती, पण तिचे खांदे हसण्यानं हलत होते. मी औषधाची बाटली घेऊन दारात उभा होतो, म्हणून मला ते दिसलं.

हे कणकवलीतलं. पन्नास सालानंतरचे ते दिवस. आमचा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात मोडायचा. काही सुखवस्तू मंडळींनी मिळून गावात एक धर्मादाय दवाखाना चालवला होता. त्यात मी कंपौंडर आणि त्या नर्स. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस यायचे. उरलेले चार दिवस दवाखाना म्हणजे सिस्टर.

अंगानं उंच, काटक. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, आणि केसांचा अंबाडा असा घट्ट की वाटावं, स्क्रू फिरवून बसवला आहे. दूध न घातलेला चहा पीत. रस्त्याच्या कडेनं कधी चालत नसत. मधून चालत, आणि मागून मोटारीनं कितीही भोंगा वाजवला तरी आपल्या वेगानंच बाजूला होत. "कशा आसात?" असं कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "बघतास मां, उबी आसंय." आणि एक गोष्ट मला महिनाभरात कळली. सिस्टर एरवी आमच्यासारख्याच मालवणीत बोलत, पण रागावल्या की स्वच्छ पुस्तकी मराठी सुरू व्हायची. त्या मालवणीत शिव्या देत असल्या तरी माणूस निर्धास्त असे. "आपण जरा इकडे या" असं ऐकू आलं की डॉक्टरसुद्धा चष्मा पुसायला लागत.

युद्धाच्या काळात त्या उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड डोंगरातल्या लष्करी इस्पितळात होत्या. त्याआधीचं त्या सांगत नसत. लग्न झालं होतं आणि ते टिकलं नाही, एवढंच ठाऊक. त्या इस्पितळात एक गोरा अधिकारी होता, दोन्ही पाय गुडघ्यांपासून गेलेला. इस्पितळाखालून बर्फाच्या पाण्याचा ओढा वाहायचा आणि या गृहस्थाला मासे धरायचं वेड. पाण्यात उभं राहणं त्याच्या नशिबातून गेलं होतं. म्हणून तो काठावर खुर्ची टाकून बसे आणि त्याच्याऐवजी सिस्टर ओढ्यात उभ्या राहत. तो ओरडे, या तसं करीत. दोन उन्हाळे हे चाललं. जाताना त्यानं आपली काठी यांना देऊन टाकली.

ती काठी म्हणजे वेताच्या जाडीची, चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली, तीन तुकड्यांची. पत्र्याच्या लांब नळकांड्यात ती असे. आपल्याकडे गरवतात तसं तिच्या गळाला आमिष लावत नाहीत. गळावर पिसं आणि रेशीम गुंडाळून किड्याचं किंवा माशाच्या पिलाचं सोंग तयार करायचं. मग काठीनं जाड रेशमी दोर आधी पाठीमागे हवेत लांबवर न्यायचा, तो सरळ झाला की पुढे सोडायचा, आणि त्या दोराच्या शेवटी ते सोंग पाण्यावर अलगद टेकवायचं. सिस्टर त्याला नुसतं 'पीस' म्हणत. भाताची कापणी झाली की दवाखान्यामागच्या मोकळ्या मळ्यात रोज सकाळी त्यांचा सराव चाले. वीस पावलांवर पितळी ताट ठेवायचं आणि पीस बरोबर ताटात पाडायचं. टण् असा बारीक आवाज यायचा. माझी बायको वत्सला त्या आवाजावर चूल पेटवायची.

लोक जमत. दातांत काडी धरून बघत. स्टँडवरचा एक चहावाला रोज तेच विचारी, "सिस्टर, मळ्यात रावस गावतलो काय?" आठ दिवस त्यांनी ऐकून घेतलं. नवव्या दिवशी दोर मागे गेला, पुढे आला, आणि चहावाल्याच्या डोक्यावरची टोपी उडून मळ्यातल्या धसकटांवर जाऊन पडली. गळ टोपीच्या कडेला अडकला होता, केसालाही धक्का नव्हता. सिस्टरनी दोर गुंडाळत टोपी जवळ ओढली, सोडवली, झटकली आणि त्याला परत दिली. "रावस नाय. टोपी गावली."

त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. ही काठी गोड्या पाण्यासाठी. खाऱ्या पाण्यात तिनं मासा मिळत नाही, असं सगळे म्हणत. डॉक्टर म्हणाले, "माशीनं मासा? आणि तोही खाडीत?" त्यांनी कारणंही दिली, पाण्याचा गढूळपणा, मिठानं सडणारा दोर. "मासा पुस्तकं वाचत नाही, डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या. पुस्तकी मराठीत म्हणाल्या, म्हणून डॉक्टरांनी विषय सोडला. सिस्टरांचं म्हणणं साधं होतं. रावस खाडीत चढतो तो बारक्या माशांच्या मागे. उथळ वाळूवर पाणी चढायला लागलं की तो त्या पाण्याबरोबर गुडघाभर खोलीत येतो. पाणी नितळ असलं तर दिसतो. दिसला तर त्याच्यासमोर पीस टाकता येतं. आणि पाणी नितळ असतं ते चैत्रात, वारा सुटण्याच्या आधीच्या सकाळी.

विजयदुर्गाजवळ खाडीत असा एक वाळूचा दांडा आहे, उधाणाच्या मोठ्या ओहोटीला तो उघडा पडतो, असं त्यांनी एका रोग्याकडून काढून घेतलं होतं. आम्ही ओहोटीला सुकती म्हणतो. पौर्णिमेची सुकती सर्वांत मोठी, पण ती पहाटे अंधारात संपते. अंधारात मासा कसा दिसणार? रोज सुकती पाऊण तासानं पुढे सरकते. म्हणजे पौर्णिमेनंतरची तृतीया: पाणी अजून पुष्कळ उतरतं आणि तळ गाठतं तेव्हा साडेसात वाजलेले, सूर्य हातभर वर. हे सगळं त्यांनी पंचांग आणि घड्याळ घेऊन माझ्या गोळ्या वाटायच्या टेबलावर बसून जुळवलं. मला म्हणाल्या, "सदाभाऊ, वर्षात एक दिवस. चैत्र वद्य तृतीया."

पहिल्या वर्षी तो दिवस आला आणि गावात देवीची साथ आली. काठी नळकांड्यातून निघाली नाही. दुसऱ्या वर्षी त्या नळकांडं खांद्याला लावून स्टँडवर उभ्या होत्या, गाडीला टपावर सामान चढत होतं, तेवढ्यात बैलगाडीतून अडलेली बाई आली. सिस्टर गाडीत बसल्या त्या बैलगाडीत. बाई वाचली, मूलही वाचलं, तृतीया गेली. दुसऱ्या दिवशी मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला गेलो. त्या दोराला, टाचांच्या भेगांना लावतात ते कोकमाचं घट्ट तेल चोळत बसल्या होत्या. "तोंड कित्याक पाडलास? पाणी दरसाल उतारता," म्हणाल्या.

तिसऱ्या वर्षी मात्र त्यांनी पौषापासूनच तयारी धरली. पिसं बांधायला त्यांच्याकडे शस्त्रक्रियेचा एक जुना चिमटा होता, त्यात गळ धरायचा. जखमा शिवायचं रेशीम. पिसं आमच्याच कोंबड्याच्या मानेची. पण रावसाला भुलवायला माशाच्या पिलासारखी चमक हवी होती. एक दिवस वत्सला त्यांच्याकडे ताक घेऊन गेली आणि धावतच परत आली. मी जाऊन पाहिलं तर सिस्टर मांडीवर जांभळा शालू घेऊन बसल्या होत्या आणि त्याच्या पदरातून चांदीची जर एकेक तार करून उसवत होत्या.

"सिस्टर, लग्नातलो शालू मां हो?" वत्सलानं माझ्या मागून विचारलं.

"लगीन कधीच उसावला गो," त्या मान वर न करता म्हणाल्या. "जर तेवडी शिल्लक होती."

इंजेक्शनच्या सुयांच्या पत्र्याच्या डबीत अशी बारा पिसं तयार झाली. उन्हात धरली की खरंच बोटभर मासोळी अंग वळवते आहे असं वाटे.

मग त्यांनी विजयदुर्गाच्या एका तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, कार्ड लिहिलं. बाबी त्याचं नाव. विचारलं होतं की तृतीयेला दांडा किती वेळ उघडा राहतो आणि पाणी कोणत्या बाजूनं आधी चढतं. उत्तर कोणा शिक्षकाकडून लिहवून घेतलेलं आलं: सदर ठिकाणी स्त्रियांनी येऊ नये, समुद्राला चालत नाही. सिस्टरनी तिथल्या तिथे दुसरं कार्ड लिहिलं. ते पेटीत टाकायला मीच नेलं, म्हणून मजकूर पाठ आहे. 'पाणी कधी उतरतं हे विचारलं होतं. कोणी यावं हे विचारलं नव्हतं. कृपया विचारलेल्याचं उत्तर द्यावं.' त्याचं उत्तर आलं नाही.

बातमी मात्र सगळीकडे गेली. दवाखान्याच्या पंचांचे अध्यक्ष आप्पासाहेब एका सकाळी येऊन डॉक्टरांच्या खुर्चीत बसले. मी कपाटाआड मिक्श्चर ढवळत होतो.

"सिस्टर, तुम्ही विजयदुर्गाला गरवायला जाणार असं कानावर आलं."

"बरोबर आलं."

"पाण्यात उभं राहून?"

"मासे पाण्यातच असतात."

"लुगडं खोचून?"

"हो. नाही तर भिजेल."

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "या संस्थेला नाव आहे. चार लोक बघतील. काय म्हणतील?"

"गेल्या पावसाळ्यात तुमच्या सूनबाईंसाठी मी कमरभर पाण्यातून ओढा ओलांडून आले होते," सिस्टर म्हणाल्या. "तेव्हाही लुगडं खोचलेलंच होतं. आपण स्वतः पलीकडे दिवा धरून उभे होता. तेव्हा चार लोक काय म्हणाले?"

"ते काम होतं."

"आणि ही रजा आहे. वर्षभर माझे हातपाय संस्थेचे. तीन दिवस ते मला हवे आहेत."

"रजा मंजूर नाही," आप्पासाहेब म्हणाले.

"कारण?"

"कारण सांगायला मी बांधील नाही."

सिस्टरनी टेबलावरचा कागद ओढला आणि उभ्यानंच लिहिलं. तृतीयेच्या सुकतीसाठी मी तीन दिवस विजयदुर्गाला जात आहे. रजा मंजूर झाल्यास चौथ्या दिवशी कामावर येईन. न झाल्यास हाच राजीनामा समजावा. टिपकागद माझ्या कपाटात असायचा. त्यांनी न बघता हात मागे केला, मी तो हातात दिला. त्या बंडात माझा वाटा तेवढाच.

घरी आल्यावर मी वत्सलाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "तुमी जावा त्यांच्यावांगडा."

"एकटी बाई जाता म्हणान?"

"एकटी जावक त्या भियत नाय. कोणीतरी बघूक होया म्हणान."

सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, "राखण करूक येतास तर नको. डबो घेवन येतास तर येवा." मी रजा मागितली. कारण कोणी विचारलं नाही. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हेही सांगून टाकतो.

कणकवलीहून तळेऱ्यापर्यंत एक गाडी, तिथून विजयदुर्गाची दुसरी. दुसऱ्या गाडीतल्या कंडक्टरनं नळकांड्याकडे संशयानं बघितलं. "बंदूक आसा काय?"

"नाय. मासे धरूचे आसत."

"कशान?"

"पिसान," सिस्टर म्हणाल्या. तो तिकिटं फाडत पुढे गेला आणि शेवटच्या थांब्यापर्यंत आमच्या बाजूला फिरकला नाही.

तिथे माझ्या मावसबहिणीच्या घरी सामान टाकून आम्ही संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. पाणी उतरलेलं होतं. खाडीत पिवळा दांडा आडवा पडला होता, लांबच लांब, पाठ उघडी टाकून पडलेल्या जनावरासारखा. सिस्टर पाच मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. ओढलेल्या होड्यांच्या सावलीत चारपाच पुरुष जाळी सांधत होते. त्यांच्यातला एक रुंद छातीचा, कानात भिकबाळी घातलेला माणूस उठून आला. तोच बाबी तांडेल.

"पत्रात लिवललंय मां मी?" तो म्हणाला. "बायलमाणसान दांड्यार येवचा नाय. दर्यो कोपता."

सिस्टर उत्तर देणार तेवढ्यात दांड्याकडून बायकांची रांग येताना दिसली. आठदहा जणी, लुगडी मांड्यांपर्यंत खोचलेली, डोक्यावर रोवळ्या, रोवळ्यांत तिसऱ्या. त्या वाळूत उकरून काढलेल्या शिंपल्यांचं पाणी त्यांच्या तोंडांवर ओघळत होतं. त्या आमच्या समोरून गेल्या.

"ह्यो खंयसून इल्यो?" सिस्टरनी विचारलं.

बाबीनं मान खाजवली. "दांड्यावयसून. पण त्यांचा काम आसा ता."

"म्हणजे कामाक गेल्यार दर्यो कोपना नाय, आणि हौसेक गेल्यार कोपता? बरोच हुशार दर्यो तुमचो."

जाळी सांधणाऱ्यांपैकी कोणीतरी खिदळलं. बाबीचा चेहरा उतरला. "होडी देवचंय नाय मी," तो म्हणाला.

"मागली कोणी?" सिस्टर म्हणाल्या, आणि रांगेतल्या शेवटच्या बाईकडे वळल्या. साठीची, सुपारीच्या झाडासारखी सरळ. जनाबाय तिचं नाव. "आये, सकाळी किती वाजता जातास?"

जनाबायनं त्यांना डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "पाणी उतारला काय जाताव."

"माका वाट दाखवशात?"

"वाट पायाखाली आसता," ती म्हणाली. "ते बूट काढा आणि येवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या रांगेत होतो. जनाबाय पुढे. "हय चिखल, हय नको. हय घट वाळू, हय पाय घाला." एका ठिकाणी पाणी कमरेला लागलं. सिस्टरनी काठी डोक्यावर आडवी धरली होती. त्या इतर बायकांसारख्याच चालत होत्या. मी मात्र दोनदा पडलो आणि डबा भिजला.

दांड्यावर बायका वाळू उकरायला बसल्या. सिस्टरनी काठी जोडली आणि कडेच्या पाण्यात उतरून दोर फेकायला लागल्या. किनाऱ्यावर पुरुष येऊन बसलेले दिसत होते. एक तास गेला. काही नाही. रेशमी दोर मागे जाई, पुढे येई. एक पोक्त बाई म्हणाली, "सिस्टरबाय, वाऱ्याक मारतास काय हो?" सगळ्या हसल्या. सिस्टरही हसल्या, पण हात थांबला नाही.

आठ वाजून गेले आणि वाळूतल्या खळग्यांत पाणी मागे सरायचं थांबून पुढे यायला लागलं. जनाबाय उठली. "पाणी फिरला. चला."

"तुमी चला," सिस्टर म्हणाल्या. "आता तर ते येतले."

बायका रोवळ्या उचलून निघाल्या. जनाबाय चार पावलं गेली, थांबली, आणि रोवळी खाली ठेवून परत आली. मला जायचं होतं. सांगायला लाज वाटते, पण वत्सलाला काय सांगू या एका विचारानं मी थांबलो.

आणि मग ते दिसलं. नितळ पाण्यात बारक्या माशांचा थवा एकाएकी पसरला, मूठभर रवा फेकावा तसा. त्यांच्या मागे राखाडी पाठ. सिस्टरनी पीस टाकलं. ती पाठ वळली आणि निघून गेली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मासा पिसाच्या मागे हातभर आला आणि फिरला. चौथ्यांदा त्यांनी पीस त्याच्या पुढे पाडलं, जरा थांबल्या आणि बोटानं दोर दोन इंच ओढला. पाणी फुटलं. काठी कमानीसारखी वाकली आणि मुठीखालच्या, दोर गुंडाळायच्या चक्रीनं असा आवाज केला की मी घाबरून मागे सरलो.

रावस खाडीच्या दिशेनं सुटला. सिस्टर त्याच्यामागे दांड्याच्या कडेनं धावत होत्या. त्यांच्या बोटांतून दोर सुटताना कातडी फाटली, रक्त काठीच्या मुठीवर ओघळलं. इकडे पाणी माझ्या घोट्यांवरून पोटऱ्यांवर आलं. मागे बघितलं तर आम्ही आलो ती वाट नव्हतीच. सगळीकडे हिरवं पाणी. "सिस्टर!" मी ओरडलो. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

किनाऱ्यावरून बाबीनं होडी लोटली. तो जीव तोडून वल्हवत आला. "दोरी कापा! कापा ती दोरी, होडयेत चढा!"

सिस्टर त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "होडी लांब ठेवा. माझा दोर वल्ह्यात अडकेल."

ती पुस्तकी मराठी ऐकून बाबीनं, एखाद्या मामलेदारानं हुकूम करावा तसं, वल्हं उलटं मारून होडी मागे घेतली. मी पोहत जाऊन होडीत चढलो. हे मी लपवत नाही. जनाबाय चढली नाही. पाणी छातीला लागलं तशी ती सिस्टरांच्या मागे गेली आणि ओढीत पाय सुटू नयेत म्हणून दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरून उभी राहिली. दोन बायका, एकीच्या मागे एक, चढत्या पाण्यात. माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र अजून जसंच्या तसं आहे.

मासा दोनदा जवळ आला आणि दोनदा सुटला. आता बाबीही होडीत उभा होता. "सैल सोडा! सोडा, सोडा... आता घेवा!" तो ओरडत होता, आपण कोणाला सांगतोय हेही विसरला होता. शेवटी रावस कुशीवर झाला. बाबी हात पुढे करून वाकला.

"हात लावू नको!" सिस्टर ओरडल्या. "जनाबाय, रोवळी!"

रोवळी तरंगत होडीला लागली होती. मी ती पुढे सरकवली. जनाबायनं एका हातानं सिस्टरांना धरून ठेवत दुसऱ्या हातानं ती माशाखाली घातली आणि उचलली. दीड हाताचा होता. जबड्याच्या कोपऱ्यात जर चमकत होती.

परत येताना बाबीनं ते पीस हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "ह्यां कोंबड्याचा?" एवढंच म्हणाला. किनारा जवळ आला तसं विचारलं, "परत कधी येतलास?"

"तुका इचारून नाय," सिस्टर म्हणाल्या, आणि फाटलेलं बोट खाऱ्या पाण्यात बुडवून धरलं.

चौथ्या दिवशी आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांच्या टेबलावर पत्र होतं. राजीनामा स्वीकारण्यात आला होता. त्यांनी ते एकदा वाचलं, घडी केली आणि त्या दिवशीच्या रांगेतले सगळे रोगी संपवून मगच खोली आवरायला घेतली. एक ट्रंक, एक स्टोव्ह, नळकांडं. मला राग आला होता. कोणाचा ते कळत नव्हतं, म्हणून त्यांच्यावरच काढला. "एका माशासाठी, सिस्टर?"

"माशासाठी नाय, सदाभाऊ. नको म्हणान सांगलानी, आणि कारण सांगूक येयना त्यांका." त्यांनी ट्रंकेचं कुलूप ओढून बघितलं. "कारण दिलानी असता तर मी घरात बसान इचार केलंय असता."

त्या विजयदुर्गाकडे गेल्या. जनाबायच्या घराच्या पडवीत बिऱ्हाड केलं आणि खाडीच्या दोन्ही काठांवरच्या वाड्यांत बाळंतपणं करायला लागल्या. सुखात होत्या असं मी म्हणणार नाही. पहिल्या पावसाळ्यात त्यांना हिवतापानं खाल्लं, हे मला फार उशिरा कळलं. दवाखान्यात नवी नर्स यायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत दोन बाया दगावल्या. त्याबद्दल पंचांपैकी कोणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. मी तिथेच नोकरी करून तिथूनच निवृत्त झालो. अधूनमधून कार्ड यायचं, दोन ओळींचं. पिसांसाठी कोंबड्याची मान पाठवावी, पांढरी नको, लालसर बघा.

त्यानंतर दहाबारा वर्षांनी, मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी वत्सला आणि मी विजयदुर्गाला गेलो. चैत्र होता. लग्न आदल्या दिवशी झालं होतं आणि नऊच्या गाडीनं परत निघायचं होतं. सकाळी आम्ही जनाबायच्या घरी गेलो. जनाबाय दोन वर्षांपूर्वी गेली होती. तिची सून दारात तिसऱ्या फोडत बसली होती. सिस्टर कुठे म्हणून विचारलं तर तिनं कोयतीनंच खाडीकडे दाखवलं.

"हृदय बरा नाय त्यांचा," ती म्हणाली. "डॉक्टरान सांगलानी, पाण्यात पाय घालूचो नाय. त्यांका इचारा, डॉक्टर खंयचो तां पण सांगूच्यो नाय."

आम्ही किनाऱ्यावर आलो. पाणी फिरलं होतं. बायकांची रांग रोवळ्या घेऊन परत येत होती, आणि त्यांच्या मागे, दांड्याच्या टोकाला, एकटी आकृती. अंबाडा पांढरा झाला होता, खांदे वाकले होते. ती जुनी काठी केव्हाच सडली असणार. हातात कुठल्याशा साध्या बांबूची होती. पण दोर तसाच मागे जात होता, हवेत सरळ होत होता, पुढे येत होता.

मी दोन्ही हातांचा भोंगा करून हाक मारली. "सिस्टर!"

त्यांनी वळून पाहिलं नाही. डावा हात तेवढा वर केला, पंजा उघडा, मला थोपवल्यासारखा. मान पुढे झुकलेली, नजर पाण्यात.

स्टँडवरून गाडीचा भोंगा वाजला. मी पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं, तर वत्सलानं माझा दंड धरला.

"हाक मारू नकात," ती म्हणाली. "मासो येता आसतलो."

पाणी त्यांच्या गुडघ्यांच्या वर आलं होतं. सिस्टरनी वर केलेला हात खाली घेतला, काठी सावरली आणि आणखी एक पाऊल आत टाकलं.